आत्यापर्यंतचं पाणी

दुसऱ्याच्या शिक्षणावर दिवसाढवळ्या डल्ला मारणारा आमच्या दाजींसारखा माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या मुलखात दुसरा नसेल. हे मी रागाने लिहीत नाही. हेव्याने लिहितो आहे, आणि ते आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते काही लपणार नाही. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, बेळगावच्या शहापुरातले रंगारी. विणकर पांढरं सूत आणून देतात, दाजी ते रंगवून परत करतात. त्यांची शाळा मराठी चौथीत संपली. मी आमच्या घराण्यातला पहिला मॅट्रिक, पहिला कॉलेजात गेलेला, इंग्रजीतून शास्त्र शिकणारा तर अर्थातच पहिला. पण शहापूर-वडगावात जाऊन कुणालाही विचारा, की उष्णता म्हणजे काय हे इथे कुणाला ठाऊक आहे, तर लोक माझ्याकडे बोट दाखवणार नाहीत. ते दाजींच्या घराकडे दाखवतील, आणि त्याच घरात मागच्या खोलीत मी वही उघडून बसलेला असेन.

आमचं गाव संकेश्वरच्या पुढे, निपाणीच्या वाटेवर. घरात दोन हातमाग. एकावर आप्पा बसतात, आणि दुसऱ्यावर मी बसायचं हे मी पाळण्यात असतानाच ठरलेलं होतं. मॅट्रिक पास झालो तेव्हा आप्पांना आनंद झाला की काळजी वाटली हे मला अजून कळलेलं नाही. कॉलेजात जाऊ का, असं मी चार दिवस मनात जुळवून एकदा विचारलं. त्यांनी माग न थांबवताच उत्तर दिलं. "दिवाळीपत्तोर बघतो. डोस्क्यात काय शिरलं आसंल तर ऱ्हा तितं. न्हायतर दुसरा माग मोकळाच हाय." तेव्हा दिवाळीपर्यंत माझ्या डोक्यात काहीतरी शिरलं पाहिजे होतं, आणि शिरलेलं आप्पांना दिसलंही पाहिजे होतं. पहिलं कसंबसं जमण्यासारखं होतं. दुसऱ्याची मला भीती वाटत होती, कारण मला बोलता येत नाही. मनात सगळं सरळ असतं, तोंडाशी आलं की अडखळतं.

राहायला मी आक्काकडे आलो. दाजींनी पहिल्याच दिवशी मला "पावणं" म्हटलं, आणि अजूनही ते तसंच म्हणतात. पाणी भरणारा, लाकडं फोडणारा, सुताच्या ओल्या लडी दांड्यांवर टाकणारा पाहुणा मी त्यांच्याच घरात पाहिला. माणूस मोठा विक्षिप्त. हंड्यातल्या पाण्याचा कढ ते बोटाने बघत, आणि त्याचं माप त्यांनी सासरच्या माणसांवर बसवलेलं होतं. उजव्या हाताचं मधलं बोट पाण्यात घालायचं आणि आक्काच्या माहेरची नावं एका लयीत म्हणायला लागायचं. पहिलं नाव आप्पांचं, मग आईचं, मग माझं, मग थोरले काका, धाकटे काका, त्यानंतर आत्या, आत्याचे यजमान, असं करत करत निपाणीच्या मावशीच्या तिन्ही सुनांपर्यंत. ज्या नावावर चटका सोसेना होऊन बोट बाहेर येई, तितका पाण्याचा कढ. नुसतं कोमट पाणी म्हणजे मावशीच्या सुना. सूत पहिल्यांदा बुडवायचं ते आत्यापर्यंतच्या पाण्यात. मग चुलीत एकेक लाकूड सारत काकांवर, काकांवरून माझ्यावर आणि शेवटी आप्पांवर आणायचं. त्यापुढे नाव घ्यायचं नाही, नुसती वाफ बघायची. आक्काही याच मापाने काम करी. "अवो, आत्यापत्तोर आलं बगा," असं ती परसातून ओरडली की नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, कुणी पाहुणी आली. कॉलेजातल्या प्रयोगशाळेत मी पाऱ्याचा थर्मामीटर पाहिला तेव्हा घरी येऊन तो मोठ्या उत्साहाने समजावून सांगायला गेलो. दाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगला हाय की. पण पावणं, त्यात सासरची आठवण कुटं ऱ्हाती?"

संध्याकाळी मी कॉलेजातून आलो की ते उंबऱ्यावर बसलेले असत, कोपरापर्यंत निळे नाहीतर लाल. "काय पावणं, आज काय शिकीवलं?" मी पिशवी खाली ठेवायच्या आत हा प्रश्न. सुरुवातीला मला त्याचा फार अभिमान वाटे. आयुष्यात प्रथमच कुणीतरी माझं बोलणं ऐकायला थांबलेलं होतं. एके दिवशी आमच्या प्रोफेसरांनी उष्णतेचा धडा घेतला. मी तो सांगू लागलो. पदार्थ अतिशय बारीक कणांचा बनलेला असतो, ते कण स्थिर नसतात, सारखे हलत असतात, आणि आपण ज्याला तापणं म्हणतो ते म्हणजे त्या कणांची हालचाल वाढणं. उष्णता ही बाहेरून येऊन बसणारी वेगळी वस्तू नव्हे. एवढं सांगायला मला अर्धा तास लागला. इंग्रजी शब्द आठवायचा, त्याला मराठी शोधायचा, तो चुकला म्हणून परत मागे यायचं. दाजी मध्ये एक अक्षर बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "म्हंजे हे हंड्यातलं पानी गप दिसतंय ते गप न्हाय?"

"नाही."

"आनि गार पानी?"

"तेही नाही. हळू असतं, इतकंच."

त्यावर ते उठून परसात गेले आणि बराच वेळ पाण्याच्या हंड्याकडे बघत उभे राहिले. आक्काने मला विचारलं, "काय सांगितलंस रं त्येस्नी? जेवायला येईनात."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडगावचे दोन विणकर सूत न्यायला आले होते. मी आत तोंड धूत होतो, आणि बाहेरून माझा धडा माझ्या कानावर आला. पण तो माझा राहिलेला नव्हता. दाजी म्हणत होते, "लग्नसराईतलं वडगाव बगितलंय न्हवं? घरोघर माग खडखडत्यात, ह्यो तिकडं पळतोय, त्यो हिकडं, बोळातनं जाताना खांद्याला खांदा. ते कढत पानी. आनि अमावास्या. माग बंद. ते गार पानी. पर माग बंद पडला म्हनून मान्सं मेली व्हय रं? फिरतच असत्यात की, कोन चहाला, कोन शेजाऱ्याशी भांडायला. तसंच. गार पान्यातबी गप कोन न्हाय." विणकर हसले, आणि त्यांतल्या एकाने खरोखरच गार पाण्याच्या हंड्याला हात लावून पाहिला. मी ओलं तोंड घेऊन तसाच उभा राहिलो. मला अर्धा तास लागला होता. त्यांना चुन्याची डबी उघडून मिटायला लागतो तेवढाही वेळ लागला नव्हता.

मग हे रोजचंच झालं. सकाळी मी प्रोफेसरांकडून घ्यायचं, संध्याकाळी दाजींनी माझ्याकडून घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी शहापूरने दाजींकडून. कानडी गिऱ्हाइकांना ते कानडीतून सांगत, आणि तीही जिथे हसायला हवं तिथेच हसत. मला मराठीतूनही कुणाला हसवता आलेलं नव्हतं. वाफ होताना सगळ्यांत जोराने पळणारे कण आधी निसटतात आणि मागे हळू चालणारे उरतात, म्हणून उरलेलं पाणी थंड होतं, हे मी एका सोमवारी सांगितलं. त्यानंतर दाजी चहा बशीत ओतून समोर ठेवत आणि म्हणत, "थांबा, पळपुटी जाऊ द्यात आदी." गुरुवारपर्यंत आमच्या बोळातली तीन घरं बशीतल्या पळपुट्यांची वाट बघू लागली. मी पेल्यातूनच पीत असे, जीभ भाजून घेत असे.

पण खरा घाव घातला तो न्हाव्याने. केस कापता कापता तो म्हणाला, "पावणं, तुमी कालेजात जाताय म्हनं. तुमाला एक सांगू का? कढत पान्यात कन पळत्यात." मी मान न हलवता विचारलं, हे कुणी सांगितलं. "तुमच्याच दाजींनी. काय डोस्कं हाय वो त्या मानसाचं. तुमीबी जरा त्यांच्यासंगं बसत जावा, उपेग हुईल अभ्यासाला." त्याने मला सगळा धडा समजावून दिला, बोळातल्या गर्दीसकट, आणि एका जागी मी चुकून पुढचं बोललो तर म्हणाला, "हां, आता तुमाला कळाय लागलं."

त्या संध्याकाळी दाजींनी विचारलं, आज काय शिकवलं. मी म्हणालो, आज सुट्टी होती.

हे लिहिताना मला लाज वाटते, पण झालं तसंच सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीही मी सुट्टी सांगितली. तिसऱ्या दिवशी प्रोफेसर आजारी पाडले. मग परीक्षा आहे म्हणून शिकवत नाहीत असं सांगितलं, मग कुणा साहेबाची भेट होती म्हणून. दाजी म्हणाले, "कालेज हाय का जत्रा म्हनायची ही?" त्याउपर काही विचारलं नाही. फक्त उंबऱ्यावर बसायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. मी यायचो, ते बघायचे, मी मान हलवायचो आणि आत जायचो. वहीत धडे साठत होते आणि मला वाटत होतं, आता हे माझे आहेत. दिवाळीला आप्पांपुढे काहीतरी फक्त माझं असेल. आक्का एकदा वाढताना म्हणाली, "घरात आलिकडं लई गप गप झालंय."

दिवाळीला वीसेक दिवस राहिले असताना आप्पा सर्व्हिस मोटारीने आले. बरोबर पांढऱ्या सुताचं गाठोडं होतं; डाळिंबी लुगड्यांची मागणी होती. दाजी नेमके त्याच सकाळी सांबऱ्याला आजारी चुलत्याला बघायला गेले होते, ते दुसऱ्या दिवशी यायचे होते. आक्काला सांगून गेले होते की सूत आलं तर भिजत घाल, बाकीचं मी येऊन बघतो. आप्पा सोप्यात बसले. पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "मग? काय शिरलं का न्हाय?"

मी वही आणली. उभा राहून बोलू लागलो. कण म्हणालो, गती म्हणालो, उष्णतामान म्हणालो. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते, जसं कुणी परक्या गावच्या माणसाकडे बघावं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "म्हंजे करायचं काय त्येचं?"

मला सुचलं नाही. दाजी असते तर त्यांना सुचलं असतं, असं मनात आलं, आणि त्याच वेळी परसातला हंडा दिसला. मी म्हणालो, "आप्पा, पाणी जितकं जास्त तापेल तितके रंगाचे कण जोराने पळणार. म्हणजे रंग लवकर चढणार. दाजींना अख्खा दिवस लागतो. मी दुपारच्या जेवणाआधी रंगवून दाखवतो."

आक्का म्हणाली, "आरं, त्येस्नी येऊ दे की."

आप्पा म्हणाले, "करू दे."

मी चूल भरून लाकडं घातली. पाणी खळखळून उकळू लागलं. बोट घालून पाहिलं तर आप्पांच्या नावाचं पहिलं अक्षरही पुरं झालं नाही. जर्मन रंगाचा डबा, जेवढा लागतो तेवढा, मी एकदम ओतला आणि सगळ्या लडी एकदम बुडवल्या. रंग खरोखरच धावला. बघता बघता सूत गर्द लाल झालं. माझं पुस्तक खरं ठरत होतं, आणि तेही आप्पांसमोर. मला इतका आनंद झाला की दाजींनी हे बघायला हवं होतं असंही एकदा वाटून गेलं.

आप्पांनी एक लडी पिळून उजेडात धरली. अंगठ्याने वरचे धागे बाजूला केले. आतलं सूत फिकं होतं, कुठे गुलाबी, कुठे जवळजवळ पांढरं. वरचं मात्र काळपट लाल, आणि तेही चट्ट्याचट्ट्यांनी. त्यांनी दुसरी लडी बघितली. तिसरी बघितली नाही. लडी दांडीवर टाकून हात धुतले आणि म्हणाले, "हे कालेज व्हय." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी जेवलो की नाही ते मला आठवत नाही. आक्काला विचारलं तर ती म्हणते, दोन भाकऱ्या खाल्ल्यास.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी चालत आले. दांडीवरच्या लडी बघितल्या. आप्पा सोप्यात, मी भिंतीला टेकून, आक्का दारात. दाजींनी प्रत्येक लडी आप्पांसारखीच अंगठ्याने उघडून पाहिली, पण सगळ्या पाहिल्या. मग मला विचारलं, "कढ कुटंपत्तोर?"

"आप्पासुद्धा म्हणता येत नव्हतं."

"आनि रंग एकदम घातलास?"

"एकदम."

ते आप्पांच्या समोर उकिडवे बसले. दाजी आप्पांना मामा म्हणतात. म्हणाले, "मामा, पोराचं बरोबर हाय."

"सूत बगा आनि मग बोला."

"सूत बगूनच बोलतोय. ह्येनं सांगितलं तसंच झालं. कन पळालं. लई पळालं. वरचा धागा दारात गावला, त्येलाच सगळ्यांनी मिठी मारली. आत शिरायला कुनी ऱ्हायलंच न्हाय. पळनाऱ्याला आतलं घर दिसतंय व्हय?" हातातली लडी त्यांनी पुढे केली. "माजा बा मला जलमभर सांगत आला, आदी बेताच्या कढात बुडीव, हळू तापीव. का, ते त्येनं सांगितलं न्हाय. त्येलाबी ठावं न्हवतं. त्येच्या बालाबी न्हवतं. का ते मला आज ह्या लडीत कळलं, आनि ते बी पावण्यांनी आदी कन सांगितलं हुतं म्हनून कळलं."

आप्पांनी दांडीवरच्या लडींकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "आनि माजं सूत?"

"ते बिगडलं. त्येला काळं करून देतो. डाळिंबाची चंद्रकळा हुईल. फुडं संक्रांत हाय, काळ्याला कोन न्हाय म्हननार न्हाय."

आप्पांनी पिशवीतून पान काढलं, जुळवलं, तोंडात घातलं. "किती वर्सं हाय आजून ह्येचं?"

"तीन वर्सं," मी म्हणालो.

"अर्धंच शिरलंय," आप्पा म्हणाले. "अर्ध्यात मागावर बसीवला तर माजंबी सूत अर्धंच रंगंल. ऱ्हाऊ दे तितंच."

म्हणजे मी राहिलो. ज्यासाठी पाच महिने झोप उडाली होती ते मला मिळालं, आणि मिळाल्याच्या पहिल्या क्षणी माझ्या मनात काय आलं तर हे, की आप्पा ते बोलले ते दाजींकडे बघून. माझ्या चुकीतलं शास्त्रसुद्धा दाजींनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं होतं. त्यांनी सगळं श्रेय मला दिलं होतं, त्याचाही उपयोग झाला नाही. मोटारीच्या अड्ड्यावर आप्पा मला म्हणाले, "जावई लई मोठ्या मनाचा हाय. सोताला कळतंय ते बी तुज्या नावावर सांगतोय."

परत आलो तेव्हा दाजी उंबऱ्यावर होते, कोपरापर्यंत काळे. मी शेजारी बसलो. म्हणालो, "दाजी, त्या सुट्ट्या नव्हत्या."

"ठावं हाय की. पलीकडच्या बोळातलं पोरगं तुज्याच कालेजात जातंय. रोज हितनंच जातंय पुस्तकं घिऊन."

"मग त्याला का विचारलं नाही?"

"इचारलं की एकदा. धडाधडा सांगितलं त्येनं सगळं. गाडी सुटल्यावानी. ऐकलं आनि गेलं." ते हाताचा रंग खरवडत होते. "तू सांगतोस ते अडत अडत. एक शबुद सांगतोस, मागं येतोस, चुकलं म्हंतोस. तवर मला बगाय मिळतंय, काय म्हंतोय ह्यो. तुज्याबिगर मला न्हाय कळत, पावणं."

राहिलेले धडे सांगून संपवायला मला पुढचे आठ दिवस लागले, आणि नवव्या दिवशी ते सगळे बाजारात होते. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. त्यांनी वडगावात काही सांगितलं आणि लोक हसले की अजूनही मला छातीत टोचतं.

आता मी शेवटच्या वर्गासाठी पुण्यात असतो. माझं बोलणं बरंच सुधारलं आहे. इथे सगळेच भरभर बोलतात, त्यामुळे सुधारावं लागलं. परवा खोलीतल्या मित्राला एक अवघड प्रकरण मी एका दमात, कुठेही न थांबता सांगितलं. उष्णता कमी कमी करत नेली तर कणांची हालचाल कुठवर कमी होईल, आणि अशी एखादी थंडी असेल का की जिच्याखाली आणखी थंडी नाही, हे ते प्रकरण. तो म्हणाला, छान सांगितलंस. दुसऱ्या दिवशी विचारलं तर त्याला काहीच आठवत नव्हतं. मलाही ते पहिल्यासारखं नीट कळल्यासारखं वाटेना. मग मी ते दाजींना पत्रात लिहायला घेतलं. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा जागोजाग अडलो. शब्द खोडले, वर दुसरे लिहिले, तेही खोडले, समासात आडवं लिहिलं. चार पानं झाली. मग ते मी वळणदार अक्षरात उतरवून काढलं, ते दीड पानात बसलं. टपालाच्या वेळेला दोन्ही समोर ठेवून थोडा वेळ बसलो. दीड पान वहीत ठेवलं आणि खाडाखोडीची चार पानं पाकिटात घातली.